फरा : वर्गात न बोलणाऱ्या एका मुलाचं प्रकरण

चिठ्ठी शाळेच्या लेटरहेडवर होती. ‘विद्यार्थी वर्गात बोलत नाही, मिसळत नाही, प्रतिसाद देत नाही. बुद्धी तपासून प्रमाणपत्र आणावे.’ खाली सही, शिक्का. मी मुलांच्या मानसिक चाचण्या घेते, म्हणून ती माझ्याकडे आली. जुलैचा दुसरा आठवडा होता, नागपुरात धंतोलीच्या आमच्या गल्लीत घोटाभर पाणी साचलेलं, आणि चिठ्ठी दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलेली. सोबत आई, आजोबा, आणि आईच्या पदरामागे पावणेसहा वर्षांचा मुलगा.

त्याचं नाव इथे लिहीत नाही. आपल्याकडे घरोघरी पोराला बाबू म्हणतात, तोही घरी बाबूच, तेच चालवते. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

‘बुद्धी तपासून’ हे शब्द वाचले की माझं डोकं फिरतं. बुद्धी म्हणजे काय ताप आहे, काखेत थर्मामीटर लावायला? पण चिठ्ठी लिहिणाऱ्यांची भीती खरी होती हे पुढे कळलं, म्हणून तो राग इथेच सोडते.

“सांग ना मॅडमले नाव,” आई म्हणाली. “सांग. नाव सांगता नाही येत का तुले?”

मुलाचे खांदे कानापर्यंत वर गेले. ओठ आत ओढलेले, नजर पंख्याच्या रेग्युलेटरवर. हट्टी मूल असं दिसत नाही. हट्टी मूल तुमच्याकडे बघतं, तुम्ही काय करता ते पाहतं. हा मुलगा गोठला होता.

“राहू द्या ताई,” मी म्हटलं. “नाव कागदावर आहे.”

आजोबा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “घरी त याचं तोंड बंद नाही राहत जी. रेडिओ आहे रेडिओ. शाळेचं फाटक आलं का बटन बंद.”

पुढच्या नऊ महिन्यांचं सगळं काम त्या एका वाक्यात होतं. बटन कुठे चालू असतं, कुठे बंद होतं, आणि मधे कुठे अर्धवट राहतं, एवढंच शोधायचं होतं.

घर

कुटुंब मूळचं साकोलीकडचं, भंडारा जिल्ह्यातलं. बाबू तीन वर्षांचा असताना नागपुरात पारडीला राहायला आलं. वडील कळमन्याच्या मार्केटात धान्याच्या दुकानी हिशेब लिहितात, पहाटे निघतात. आई घरी ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते. आजोबा सुतार. गावी बैलबंड्यांची चाकं केली, आता पत्र्याच्या शेडखाली तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करतात. बाबूचा सगळा दिवस त्या शेडखाली जातो.

घरची बोली झाडी. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या झाडीपट्टीत ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’चा ‘र’. डोळा म्हणजे डोरा, काळा म्हणजे कारा. आजोबा कळमन्याला ‘करमना’च म्हणतात. शाळा मराठी माध्यमाची, सेमी-इंग्रजी. वर्गात पुस्तकी मराठी आणि इंग्रजी बडबडगीतं. मैदानावर आणि व्हॅनमध्ये पोरं हिंदीत भांडतात, जसं सगळ्या नागपुरात चालतं. म्हणजे सकाळी आठच्या आत या पोराला तीन भाषांचे उंबरे ओलांडावे लागत होते.

जन्म, चालणं, बोलणं वेळेवर. मोठं आजारपण नाही. आई स्वतः लहानपणी ‘घुमी’ होती, हे तिने हळूच सांगितलं, जसा काही गुन्हा कबूल करते आहे. बुजरेपणा घरात वाहत येतो. हार्वर्डच्या जेरोम केगन यांनी अशा मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता. नवीन माणूस, नवीन जागा, नवीन वस्तू दिसली की काही बाळं पुढे सरसावतात आणि काही थबकतात, आणि हे थबकणं बरंचसं जन्मजात असतं. मी आईला हे सांगितलं, तेव्हा तिने पहिल्यांदा पाठ टेकली.

शाळा

वर्गशिक्षिका भेटल्या तेव्हा माझा राग ओसरला. केजी-टूचा वर्ग, चव्वेचाळीस मुलं, मदतीला एक मावशी, त्याही दोन वर्गांत मिळून. हजेरीला हा ‘येस मॅडम’ म्हणत नाही. तोंडी परीक्षेत शून्य. डबा उघडतो, बंद करतो. वही मात्र देखणी, अक्षरं रेघेवर बसलेली. “मॅडम, त्याला येतं की नाही तेच मला कळत नाही,” त्या म्हणाल्या. “वर पालक म्हणतात घरी सगळं बोलतो. सगळेच पालक तसं म्हणतात.”

मागच्या वर्षी वर्गात दोनदा चड्डी ओली झाली होती. शू लागली हे सांगायलाही तोंड उघडावं लागतं. तेव्हापासून त्याने शाळेत पाणी प्यायचंच सोडलं. आईला हे कशावरून कळलं, तर वॉटरबॅग जशीच्या तशी भरलेली परत यायची. नागपुरात, मार्च-एप्रिलच्या उन्हात. सगळ्या कागदपत्रांत मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट ही, आणि ती कोणत्याच कागदावर नव्हती.

मी दोन सकाळी मागच्या बाकावर वह्या तपासायचं सोंग घेऊन बसले. मधल्या सुट्टीत बाबू हँडपंपाच्या ओट्याशी उभा. पोरं पकडापकडी खेळत होती. दर मिनिटाला नोंद केली. वीसपैकी चौदा मिनिटं तो खेळ बघत होता, चार मिनिटं फाटकाच्या ढिल्या कडीशी काहीतरी करत होता, दोन मिनिटं नुसता फिरला. बघणं कसं? कोण बाद झालं, कोणी लबाडी केली, सगळ्यावर मान फिरत होती. एक पोरगा पकडला जाऊनही पळाला, तेव्हा बाबूचं बोट आपोआप त्याच्याकडे उठलं आणि लगेच खाली गेलं.

मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये लहान मुलांच्या खेळाच्या पायऱ्या मांडल्या होत्या. एकट्याचा खेळ, बघ्याचा खेळ, शेजारी बसून आपापला खेळ, मग मिळून खेळणं. त्या पायऱ्या आज कोणी दगडावरची रेघ मानत नाही, पण ‘बघ्या’ हा शब्द कामाचा आहे. बघ्या खेळाच्या बाहेर असतो, मनाने मात्र आत असतो.

शाळेच्या भाषेत सगळीच गप्प मुलं ‘मिसळत नाही’ या एका रकान्यात जातात. त्यात निदान तीन वेगळी मुलं असतात. एकाला एकटं राहायला आवडतं, त्याला इंजिनं जुळवू द्या, तो सुखी आहे. दुसऱ्याला जायचं असतं पण पाय उचलत नाही, ओढ आणि भीती एकाच वेळी. तिसऱ्याला बाकीचे घेतच नाहीत. पहिल्याला ओढून खेळात ढकललं तर त्याचं सुख जातं, तिसऱ्याला ‘धीट हो’ सांगणं म्हणजे त्याच्याच माथी मारणं. बाबूचं ते अर्धवट उठलेलं बोट बघितल्यावर तो दुसरा आहे याबद्दल मला फारशी शंका उरली नाही. तरी तपासण्या केल्या. खात्री वाटली की जास्त तपासायचं, अशी सवय लागली आहे.

तपासणी

आधी कान. न बोलणाऱ्या कुठल्याही मुलाचे कान आधी तपासावे, हे मी प्रत्येक शिक्षकाला सांगते. मळ निघाला, ऐकू व्यवस्थित येत होतं.

मग व्हिडिओ. आईला म्हटलं, तो बेसावध असताना फोनवर पाच मिनिटं घ्या, मुद्दाम बोलायला लावू नका. तिने आणलेला व्हिडिओ मी तीनदा बघितला. शेडखाली भुसा पसरलेला, बाबू उकिडवा बसलेला, हातात ब्रश. “आबाजी, याचा डोरा कारा करू का लाल करू? लाल केला त तो रागात दिसंन. मागच्या वर्षीचा रागात होता, आठवते का, त्याचं शिंगच तुटलं.” मग एका बैलाने दुसऱ्याला सांगितलं की आज चारा नाही मिळणार, पाऊस आला. दुसरा बैल रुसला. दोन्ही आवाज बाबूचेच.

शाळेत कोणीतरी दबक्या आवाजात ‘ऑटिझम’ म्हटलं होतं. या व्हिडिओत नजर मिळवणं होतं, आठवण वाटून घेणं होतं, लुटुपुटूचा खेळ होता, दुसऱ्याच्या रागाचा अंदाज होता. ऑटिझम असलेलं मूलही एखाद्या ठिकाणी गप्प असू शकतं, दोन्ही एकत्र असू शकतात, म्हणून घाई केली नाही. पण घरच्या कोणत्याही प्रसंगात तसं काही हाती लागलं नाही.

आता ‘बुद्धी’. इथे नागपूरचाच संबंध आहे आणि तो नागपूरकरांनाच माहीत नसतो. डॉ. आर्थर मालिन यांनी नागपूरच्या चाइल्ड गायडन्स सेंटरमध्ये काम करताना अमेरिकेतल्या चाचण्या इथल्या मुलांसाठी बेतल्या. मुलांची बुद्धिचाचणी त्यांच्या नावानेच ओळखली जाते, आणि व्हाइनलँडच्या सामाजिक परिपक्वता श्रेणीला तर देशभरात ‘नागपूर रूपांतर’ म्हणतात. बंगळूरच्या दवाखान्यात फॉर्म भरणाऱ्या माणसाच्या तोंडीही आपल्या गावाचं नाव असतं. मालिन यांची बुद्धिचाचणी सहा वर्षांपुढची, ती बाबूला लागत नव्हती. शिवाय तीत निम्मे प्रश्न तोंडी. न बोलणाऱ्या मुलाला तोंडी चाचणी लावून गुण कमी आले म्हणणं म्हणजे पाय बांधून शर्यत लावणं. व्हाइनलँडमध्ये मात्र मुलाला काहीच विचारायचं नसतं. आईशी बोलायचं. स्वतः जेवतो का, बटणं लावतो का, जवळपास एकटा जातो का. बाबू वयाच्या पुढे निघाला. पेचकस चालवतो, खिळे मापाप्रमाणे वेगळे करतो. फक्त परक्यांशी बोलण्याच्या कलमांवर आई अडखळली. किराणा दुकानात जातो, पण चिठ्ठी घेऊन.

सेग्विनचा फॉर्म बोर्डही दिला. लाकडी पाटी, दहा खाचा, दहा ठोकळे: चांदणी, फुली, अर्धगोल वगैरे. तीनदा लावायचे, वेळ मोजायची. पहिल्या खेपेला बाबूने एकेक ठोकळा हातात तोलला. दुसऱ्या खेपेला हात सुटला. तिसऱ्या खेपेला चांदणी न बघता बोटांनी फिरवून बसवली. मी वेळ लिहायला मान खाली घातली आणि वर बघते तर त्याने पाटी उलटी केली होती. खाच आरपार आहे की कोरलेली, ते बघत होता. मग फुलीच्या कोपऱ्यावर, जिथे टवका उडाला होता, तिथे अंगठा घासला आणि आजोबांकडे बघितलं.

“हो,” आजोबा म्हणाले, “तिथं पालिश गेली.”

पंधरा वर्षं ती पाटी वापरते आहे. तो टवका मला कधी दिसला नव्हता.

एक प्रश्नावली उरली. रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये मांडलेली, नावातच ‘सामर्थ्यं आणि अडचणी’. पंचवीस वाक्यं, पाच गट, त्यातला एक पूर्ण गट दुसऱ्याशी चांगुलपणाने वागण्याचा. मी ती आईकडून आणि वर्गशिक्षिकेकडून वेगवेगळी भरून घेतली आणि कागद शेजारी ठेवले. घाबरणं आणि सवंगड्यांशी अडचण या गटांत दोघींचं टोकाचं अंतर. चांगुलपणाच्या गटात मात्र दोघींनी जवळजवळ सारखंच भरलं होतं. वर्गशिक्षिकेला आठवलं: कोणाचं दप्तर पडलं की हा न बोलता उचलून ठेवतो. रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट प्रश्न विचारल्यावर दिसली.

नाव काय द्यायचं

बालमानसोपचारतज्ज्ञांनी तपासून माझ्या अंदाजाला दुजोरा दिला. औषध लागलं नाही. या स्थितीचं नाव सिलेक्टिव्ह म्युटिझम. १८७७ मध्ये जर्मन वैद्य कुसमाउल यांनी याला ‘स्वेच्छेने वाचा जाणं’ अशा अर्थाचं नाव दिलं. १९३४ मध्ये ट्रामर यांनी ‘इलेक्टिव्ह’ म्हटलं, म्हणजे मुलाने निवडलेलं. १९९४ मध्ये अमेरिकी निदानपुस्तिकेने ‘इलेक्टिव्ह’चं ‘सिलेक्टिव्ह’ केलं, आणि २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने ही स्थिती चिंतेच्या विकारांत नेली. मूल गप्प राहायचं ठरवत नाही, भीतीने गळा आवळतो, एवढं कबूल करायला शंभरावर वर्षं गेली.

मराठीत तर अजून पंचाईत. ‘निवडक मौन’ म्हणावं तर पुन्हा मुलगाच निवडतो असं वाटतं. मौन पाळतात, अबोला धरतात, गप्प बसतात. आपली सगळी क्रियापदं माणसाच्या मर्जीची. वर्गशिक्षिकेने मला विचारलेला पहिला प्रश्नही हाच होता, “म्हणजे तो मुद्दाम नाही करत?” मला अजून आजोबांचं ‘बटन बंद’च सगळ्यात अचूक वाटतं.

निदानाच्या अटी साध्या आहेत. एका ठिकाणी बोलतं, दुसऱ्या ठिकाणी, जिथे बोलणं अपेक्षित आहे, तिथे सतत बोलत नाही. हे महिनाभर तरी टिकलेलं असावं, आणि शाळेचा पहिला महिना धरायचा नाही. त्याने शिकण्यात किंवा मिसळण्यात अडथळा यावा. आणि भाषाच येत नाही म्हणून गप्प, असं नसावं. शेवटच्या अटीवर मी थांबले, कारण नवीन भाषेत पडलेली मुलं काही महिने नुसतं ऐकतात आणि तो आजार नसतो. पण बाबूचं हे दुसरं वर्ष होतं, त्याला सगळं समजत होतं, आणि घरातही परका पाहुणा आला की तो आईच्या कानात कुजबुजायचा, झाडीतच.

‘फरा’ची गोष्ट आईने तिसऱ्या भेटीत सांगितली. केजी-वनच्या पहिल्या आठवड्यात तेव्हाच्या बाईंनी फळ्यावर हात ठेवून विचारलं, हे काय? बाबू ओरडला, “फरा!” वर्ग हसला. बाईंनी प्रेमानेच त्याच्याकडून तीनदा ‘फळा’ म्हणवून घेतलं. तिसऱ्यांदा आवाज आला नाही.

ही गोष्ट ऐकली की सगळे म्हणतात, बघा, सापडलं कारण. मी म्हणत नाही. त्याच वर्गात झाडी बोलणारी आणखी मुलं असतील, त्यांनाही कोणी हसलं असेल, ती बोलतात. बुजरा स्वभाव, आईकडून आलेला. गाव सुटलेलं. तीन भाषा. त्यावर ते हसू पडलं. ओल्या भिंतीवरच शेवाळ धरतं. पण ते हसू होतं, हेही लिहून ठेवलं.

काय केलं

पहिल्या दिवशी दोनच गोष्टी. शू-पाण्यासाठी खिशात पत्त्याएवढं कार्ड: निळी बाजू पाणी, पिवळी बाजू शू. दाखवायचं, निघायचं, परवानगी गृहीत. आणि सगळ्यांना एक बंदी: ‘बोल ना’ कोणी म्हणायचं नाही. आईने नाही, व्हॅनवाल्या काकांनी नाही, पेरूचं आमिष दाखवून शेजारच्या काकूंनी तर अजिबात नाही. आठवडाभरात वॉटरबॅग अर्धी रिकामी येऊ लागली. आईचा त्या संध्याकाळी फोन आला तो फक्त हे सांगायला.

प्रमाणपत्राच्या जागी मी अर्धं पान लिहिलं. मुख्याध्यापिकांशी दोन बैठका झाल्या. तोंडी परीक्षा घरी रेकॉर्ड करून पाठवायची, ही मागणी त्यांना जड गेली. “बाकीच्या पालकांनी विचारलं तर?” २०२० च्या शैक्षणिक धोरणात पायाभूत टप्प्यावर घरच्या भाषेला जागा आहे, मुलाची प्रगती सगळ्या अंगांनी नोंदवायची आहे, हे मी पुढे ठेवलं. खरं काम त्या कागदाने केलं की बाबूच्या आवाजाने, सांगता येत नाही. त्यांच्या टेबलावर फोन ठेवून कविता ऐकवली. पूर्ण कविता, चालीवर. “हा तोच मुलगा?” त्या म्हणाल्या, आणि परवानगी दिली.

मग मुख्य काम. जिथे आवाज आहे ते माणूस जिथे आवाज नाही त्या जागी न्यायचं, आणि नवीन माणूस त्यात इतकं हळू सरकवायचं की बटन बंद पडायची वेळच येऊ नये. आठवड्यातून दोनदा, शाळा सुटल्यावर, रिकाम्या वर्गात आजोबा आणि बाबू वीस मिनिटं बैल रंगवायचे. पहिले दोन दिवस दार बंद. मग दार किलकिलं, वर्गशिक्षिका बाई बाहेरून जाणार. मग बाई आत, पाठ करून, वह्या तपासत. मग पलीकडच्या बाकावर. मग त्याच बाकावर, हातात स्वतःचा ब्रश, प्रश्न फक्त आजोबांना.

सातव्या खेपेला बाईंनी आजोबांना विचारलं, “याचा डोळा कसा करायचा?”

आजोबा मुद्दामच बोलले नाहीत. बराच वेळ ब्रश पाण्यात फिरत राहिला.

“कारा,” बाबू म्हणाला. आजोबांकडे बघून, पण ऐकू येईल असं.

“हं, कारा,” बाई म्हणाल्या आणि काळ्या रंगात ब्रश बुडवला. दुरुस्त केलं नाही, शाबासकी दिली नाही, वरही बघितलं नाही. नंतर मला म्हणाल्या, हात थरथरत होता, बैलाचा डोळा कानापर्यंत गेला.

तान्हा पोळा त्याच सुमारास आला. मोठा पोळा खऱ्या बैलांचा, दुसरा दिवस पोरांचा: चाकं लावलेले लाकडी बैल सजवून घरोघरी न्यायचे, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करायचा. शाळेत पोरं धोतर-फेट्यात, हातात दोरी. रांग लागायच्या आत एकाच्या बैलाचं चाक निखळलं आणि त्याने भोकाड पसरलं. बाबू गेला, खाली बसला, चाक फिरवून बघितलं, आपल्या बैलाच्या दोरीतून काडी काढली, खुंटीच्या जागी दाबून बसवली. एक शब्द नाही. पाच मिनिटांत त्याच्यापुढे चार बैल होते, दोन तर धडधाकट. पोरांना रांगेत उभं राहायला कारण लागतं थोडंच.

इथे मला एक सांगायचं आहे. सामर्थ्यं हा अहवालातला शेवटचा गोड परिच्छेद नसतो. अडचणींची दोन पानं लिहून झाली की ‘चित्रकला चांगली’ असं लिहायची पद्धत आहे, पालकांना बरं वाटावं म्हणून. बाबूच्या हातातली कला ही त्याची वर्गात शिरायची वाट होती. त्या कामात त्याला तोंडाची गरज नव्हती, आणि बाकीच्यांना त्याची गरज होती.

चाक निखळलेला मुलगा त्याच्याच व्हॅनमधला निघाला, बडबड्या, हिंदीत. त्याला रविवारी पारडीला बोलावलं. हा क्रम महत्त्वाचा: मित्र आधी मुलाच्या घरी, मग दोघं शाळेत. पहिला रविवार कुजबुजीत गेला. तिसऱ्या रविवारी शेडखालून आवाज आला, “ऐसा नही रे, उलटा पकड!” आई शिलाई सोडून उठली नाही. हे तिला किती जड गेलं असेल ते मी समजू शकते.

चूक

दसऱ्याच्या आधी शाळेत आपट्याची पानं वाटली. बाबूने बाईंच्या हातात पान ठेवलं आणि कुजबुजला, “सोनं घ्या.” वर्गात, सगळ्यांसमोर. बाईंना भरून आलं. “सगळ्यांनी टाळ्या वाजवा, आपला बाबू बोलला!” चव्वेचाळीस मुलांच्या टाळ्या.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत नंतर एक अक्षर नाही. बाईंशी नाही, रिकाम्या वर्गातही नाही. कार्डसुद्धा दोन दिवस खिशातच राहिलं.

चूक माझी. मी ‘प्रोत्साहन द्या’ म्हटलं होतं, कसं ते सांगितलं नव्हतं. ज्याला लोकांच्या नजरेचीच भीती, त्याला चव्वेचाळीस जोडी डोळे बक्षीस दिले. बाई रडल्या. मीही त्या रात्री नीट झोपले नाही. दिवाळीनंतर आम्ही चार पायऱ्या खाली उतरलो, पुन्हा दार किलकिलं करण्यापासून. या वेळी दुप्पट वेगाने वर आलो, कारण वाट ओळखीची होती.

कुठवर आलं

मार्चअखेर नकाशा असा होता. बाईंशी एकट्यात वाक्यं. त्या मित्राशी मैदानावर पूर्ण आवाजात, तिसरा आला की बारीक. दोन-तीन मुलांच्या गटात एकेक शब्द. हजेरीला अजून हात वर, आवाज नाही, आणि आम्ही त्याच्या मागे लागलो नाही. डबा संपतो. चिठ्ठीशिवाय किराणा अजून नाही. वडिलांनी एकदा कळमन्याला सोबत नेलं होतं, तिथे हमालांसमोर मात्र तासभर बोलला म्हणे. असं का, मला नीट उलगडलेलं नाही. कदाचित तिथे कोणी त्याच्याकडे बघतच नव्हतं.

जूनअखेर शाळा उघडेल तेव्हा पहिलीचा वर्ग वरच्या मजल्यावर, बाई नवीन, मुलं साठ. बटन पुन्हा बंद पडायची शक्यता आहे, हे घरी स्पष्ट सांगितलं आहे. म्हणून शाळा सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात आजोबा आणि तो रिकाम्या वर्गात दोनदा जाऊन येतील. बडबड्या मित्र त्याच तुकडीत राहील, एवढं मुख्याध्यापिकांनी कबूल केलं आहे.

नवीन बाईंसाठी एका पानाची नोंद तयार केली. कार्ड डाव्या खिशात असतं. प्रश्न विचारून मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. दोन पर्याय द्या, ‘काय झालं’ विचारू नका. हाताने काम द्या, जोडीत द्या. बोलला तर बोलला, टाळ्या नकोत. वर्गातली एखादी कडी, खुर्ची, डस्टर मोडलं तर आधी त्याला दाखवा. खाली माझी सही.

आईला पान वाचायला दिलं, काही राहिलं असेल तर सांगा म्हटलं. तिने दोनदा वाचलं, माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि सहीच्या खाली उरलेल्या जागेत लिहिलं:

‘फळ्याला फरा म्हणतो. हसू नये.’